काटा, तेल आणि राजूर घाट

मलकापूर, नांदुरा, खामगाव. पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग ६ वरची, आताच्या ५३ वरची बुलढाणा जिल्ह्यातली ही तीन गावं लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्यांना पाठ असतात. टायरवाले, कमानपाट्याचं काम करणारे, वेल्डिंगवाले, फ्युएल पंपाचे मिस्तरी आणि ऑटो इलेक्ट्रिशियन अशी सगळी वस्ती या रस्त्याच्या आधाराने जगते. इथल्या गॅरेजात येणारी सगळ्यात घाबरी तक्रार दोन शब्दांची असते: "काटा पडला." चांगला मिस्तरी त्यावर आधी एकच विचारतो, "गाडी तवाच बंद केली, का तशीच दामटत आनली?"

उत्तरावर बरंच अवलंबून असतं. जुन्या डिझेल ट्रकच्या डॅशबोर्डवर चार-पाच मीटर असतात: स्पीड, डिझेल, पाण्याचं तापमान, ब्रेकच्या हवेचं प्रेशर आणि ऑइल प्रेशर. डिझेलचा काटा खोटा निघाला तर गाडी रस्त्यात उभी राहते, एवढंच. पाण्याचा काटा सहसा थोडी मुदत देतो. ऑइलचा काटा खरंच शून्यावर आला असेल, तर क्रँकचं बेअरिंग मिनिटभरातही जाऊ शकतं. तेव्हा काटा पडला की गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचं, यात चर्चेला जागाच नाही. चर्चा सुरू होते ती त्यानंतर. पडलं ते नेमकं काय, तेलाचं प्रेशर की नुसता काटा? हा प्रश्न नीट न विचारता एकतर अख्खं इंजिन खोललं जातं, नाहीतर मीटरची तार काढून गाडी पुढे हाकली जाते. दोन्हीचं बिल ट्रकमालकाच्याच खिशातून जातं, आणि या जिल्ह्यात तो मालक बहुधा एकाच ट्रकचा मालक असतो.

आधी प्रेशर म्हणजे काय ते बघू. ऑइल पंप प्रेशर तयार करतो असं आपण सहज म्हणून जातो. पंपाच्या दोन गिअरांना फक्त तेल ढकलता येतं. ते इंजिनच्या तळच्या चेंबरमधून जाळीवाटे उचलायचं, फिल्टरमधून गॅलरीत लोटायचं, एवढंच त्यांचं काम. गॅलरीतून तेल मेन बेअरिंगला जातं, क्रँकच्या आतल्या भोकांतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला, कॅमच्या बुशांना, वर रॉकरला, आणि टर्बो असेल तर लाखाच्या घरात आरपीएमने फिरणाऱ्या त्याच्या शाफ्टला. या सगळ्या ठिकाणी बारीक फटी असतात आणि तेल त्या फटींतून निसटून परत चेंबरमध्ये पडतं. फटी जितकं निसटू देतात त्याहून जास्त तेल पंप ढकलतो, म्हणून मागे दाब साचतो. जास्तीचा दाब रिलीफ व्हॉल्व्ह सोडून देतो. म्हणजे मीटरवरचा आकडा पंपाची ताकद, तेलाचा घट्टपणा आणि फटींची रुंदी या तिघांचा मिळून असतो. काटा खाली आला तर तिघांपैकी कुणीही कारण असू शकतं.

फटीचं गणित फार कठोर आहे. नव्या इंजिनात क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते. फटीतून निसटणारं तेल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे फट दुप्पट झाली तर त्याच दाबाला गळती आठपट. म्हणूनच झिजत आलेलं इंजिन बरीच वर्षं ठीक प्रेशर दाखवतं आणि शेवटच्या काही महिन्यांत भराभर उतरतं. तेलाचाही हिस्सा मोठा आहे. १५डब्ल्यू-४० या नेहमीच्या तेलाचा ४० अंश सेल्सिअसला जो घट्टपणा असतो, तो १०० अंशाला सुमारे सातव्या-आठव्या हिश्शावर येतो. सकाळी गाडी सुरू केली की पाच-सहा किलो दाखवणारा काटा दुपारी आयडलिंगला किलो-दीड किलोवर येतो, तो त्यामुळे. गॅरेजात किलो म्हणतात ते दर चौरस सेंटिमीटरवरचे किलो. तपासणीचं मास्टर गेज पीएसआयचं असेल तर एका किलोचे १४.२ पीएसआय धरायचे.

आपला जिल्हा या बाबतीत एक कायमची परीक्षा घेतो. इथला माणूस गाव विचारतानाही आधी 'घाटावरचे का घाटाखालचे' असं विचारतो. खाली पूर्णेचं खोरं: मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद. वर अजिंठ्याच्या रांगेचं पठार: बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा. मे महिन्यात खाली ४४ अंश असताना भरलेला ट्रक मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्याला निघतो. खालच्या गिअरमध्ये, पूर्ण लोडवर, कमी वेगात. म्हणजे रेडिएटरला गाडीच्या धावण्याची हवा जवळजवळ नाहीच. तेल तापून पातळ होतं. वर पोचून ड्रायव्हर गाडी उभी करतो, आयडलिंगला पंप हळू फिरतो, आणि काटा त्या दिवसातल्या सगळ्यात खालच्या जागी येऊन थांबतो. कितीतरी इंजिनांवर आजारी असल्याचा शिक्का नेमका याच क्षणी बसतो. गरम इंजिन, आयडलिंग, किलोच्या आसपास प्रेशर, आणि रेस दिली की तीनच्या वर: जुन्या डिझेल इंजिनाला हे सहसा चालतं. नेमकी मर्यादा त्या इंजिनच्या पुस्तकात बघावी, शेजारच्या ट्रकच्या काट्यावरून ठरवू नये.

इंजिनं कोणती, तर या भागात एमएच-२८ पाटीच्या जुन्या मालट्रकांत टाटांचं राज्य मोठं. १९५४ साली टाटांच्या टेल्कोने जमशेदपूरला डाइमलर-बेन्झच्या सहकार्याने ट्रक बनवायला घेतले. तो करार १९६९ मध्ये संपला आणि तोंडावरच्या ताऱ्याच्या जागी 'टी' आला. पुढे १२१०, १६१२, १६१३ अशी गाड्यांची रांग लागली. पहिले दोन आकडे टनांचे, पुढच्या दोनांना दहाने गुणलं की अश्वशक्ती, हा हिशेब क्लीनरलाही माहीत असतो. त्यांतल्या कितीतरी गाड्यांत असलेल्या ६९७ इंजिनचं नावही असंच सरळ आहे: ६ सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. स्ट्रोक १२८ मिलिमीटर. या घराण्याच्या इंजिनाचे सुटे भाग आजही तालुक्याच्या गावात मिळतात, क्रँक ग्राइंड करणारे लेथवाले जवळपास असतात आणि ते उघडून बांधणारे हात या रस्त्यावर पिढ्यान्पिढ्या तयार झाले आहेत. ही फार मोठी ठेव आहे. पण जो माणूस इंजिन डोळे मिटून बांधू शकतो, त्याला इंजिन उघडण्याचा मोहही लवकर होतो. मीटर, तारा, युनिट ही त्याची शाखा नसते, ती इलेक्ट्रिशियनची. आणि इलेक्ट्रिशियनला बेअरिंगशी देणंघेणं नसतं. ऑइल प्रेशरची तक्रार नेमकी या दोन दुकानांच्या मधोमध पडते.

मीटर दोन जातींचे. फार जुन्या गाड्यांत तेल स्वतःच बारीक तांब्याच्या नळीतून डॅशबोर्डपर्यंत येतं. मीटरच्या आत एक चपटी, वाकवलेली नळी असते. तेलाचा दाब आत शिरला की ती जत्रेतल्या कागदी पिपाणीसारखी उलगडू बघते आणि तेवढ्या हालचालीवर काटा फिरतो. पॅरिसच्या युजीन बूर्दोंने १८४९ मध्ये हिचं पेटंट घेतलं. वाफेच्या यंत्रासाठी केलेली वेटोळी नळी चेपली गेली, ती सरळ करायला आत पाण्याचा दाब दिला, तर वेटोळं उलगडू लागलं. त्यातून त्याला हे सुचलं. आजही मिस्तरीच्या पेटीतलं मास्टर गेज याच तत्त्वावर चालतं. या मीटरला बॅटरी लागत नाही, अर्थिंग लागत नाही, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे. त्याचे दोष नळीचे असतात. नळी केबिनच्या पत्र्याला घासून फुटते आणि इंजिनचं तेल पायाशी गळू लागतं. नायलॉनची नळी बसवली असेल तर ती एक्झॉस्टजवळ वितळते. आत काळा गाळ बसला तर काटा अतिशय सावकाश चढतो.

दुसरी जात विजेची. इंजिन ब्लॉकवर एक छोटं पितळी किंवा लोखंडी युनिट बसवलेलं असतं. आत एक पडदा, आणि पडद्याच्या हालचालीप्रमाणे कमी-जास्त होणारा रेझिस्टन्स. तिथून एक तार मीटरला जाते. एकच. परतीचा रस्ता म्हणजे इंजिनचं लोखंड, चॅसिस आणि अर्थची पट्टी. वीस वर्षांच्या गाडीत हा परतीचा रस्ता गंजलेला, रंगाखाली गेलेला किंवा मागच्या दुरुस्तीत बसवायचाच राहून गेलेला असतो. म्हणून काही खुणा लगेच ओळखता येतात. हेडलाइट लावले की ऑइलचा काटा हलतो. इंडिकेटरच्या तालावर काटा उड्या मारतो. ऑइल आणि पाणी दोघांचे काटे एकदमच वर किंवा खाली जातात. तेलाचं प्रेशर हेडलाइट बघून बदलत नाही. तिथे बॅटरी आणि इंजिनची अर्थपट्टी काढून, घासून, आवळून बसवायची. इंजिनला हात लावायचा नाही.

युनिट बदलताना होणारा एक घोळ मला मुद्दाम सांगायचा आहे, कारण तो सद्हेतूने होतो. तेल झिरपू नये म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप घट्ट गुंडाळली जाते. युनिटचं अर्थिंग त्याच आट्यांतून होणार असतं. टेपमुळे ते अर्धवट तुटतं आणि नवंकोरं युनिट चुकीचा आकडा देऊ लागतं. त्याहून महाग घोळ जोडी चुकल्याचा. युनिट ५ किलोचं असतं तसं १० किलोचंही मिळतं. आटे तेच, तोंड तेच. १० किलोचं युनिट ५ किलोच्या मीटरला जोडलं तर काटा खऱ्या प्रेशरच्या निम्मंच दाखवतो. इंजिनात चार किलो असताना मीटर दोन म्हणतो. ही गाडी गॅरेजात आली की मिस्तरी तेल बदलेल, फिल्टर बदलेल, पंप उतरवेल आणि शेवटी बेअरिंग काढेल. काटा मात्र हलणार नाही. उलट जोडी बसली तर काटा दुप्पट दाखवतो आणि मरायला टेकलेलं इंजिन धडधाकट वाटतं. ते जास्त भयंकर.

तपासणीचा क्रम सोपा आहे, पण तो क्रमानेच झाला पाहिजे. गाडी सपाट जागी उभी करून थोडा वेळ थांबायचं आणि तेल मोजायची पट्टी काढून तेल बघायचं. पातळी कमी असेल तर भरायचं. पातळी जास्त असेल तर काळजी मोठी: कुणी तेल घातलेलं नसताना ते वाढलं, म्हणजे आत काहीतरी मिसळतंय. बोटावर घेऊन वास घ्यायचा. डिझेलचा वास आणि पाण्यासारखं पातळ तेल असेल तर नोझल टपकतंय किंवा फीड पंप, फ्युएल पंपातून डिझेल उतरतंय. तेल दुधाळ, चहाच्या रंगाचं झालं असेल तर पाणी शिरलंय. तिथे गाडी पुन्हा सुरूच करू नये. पातळी आणि वास ठीक असेल तर इंजिन सुरू करून क्षणभर कान द्यायचा. खालून ठोका येत असेल तर लगेच बंद. ठोका नाही, रॉकरचा खडखडाट नाही, आणि काटा शून्यावर: तर संशय विजेवर.

मग युनिटची तार काढायची. चावी चालू, इंजिन बंद. तार मोकळी असताना काटा एका टोकाला गेला पाहिजे आणि ती क्षणभर ब्लॉकला टेकवली की दुसऱ्या टोकाला. क्षणभरच, जास्त वेळ टेकवली तर मीटरची गुंडाळी तापते. कुठल्या स्थितीत कुठलं टोक, हे युनिटच्या जातीवर ठरतं. बऱ्याच गाड्यांत असलेल्या युनिटचा रेझिस्टन्स शून्य प्रेशरला १० ओहमच्या आसपास आणि पूर्ण प्रेशरला १८० च्या आसपास असतो. तिथे तार तुटली तर काटा वर चिकटतो आणि तार अर्थ झाली तर शून्यावर पडतो. अमेरिकी पद्धतीच्या २४० ते ३३ ओहमच्या युनिटात हेच उलटं. दोन्ही टोकं मिळाली तर मीटर आणि तार निर्दोष. आता संशयित दोनच उरले: युनिट आणि इंजिन. युनिट काढून त्याच भोकात मास्टर गेज लावायचं, इंजिन पूर्ण गरम करायचं आणि दोन आकडे लिहून घ्यायचे, आयडलिंगचा आणि रेसचा. हे सगळं इलेक्ट्रिशियन आणि मिस्तरी एका वेळी गाडीपाशी उभे असतील तर चहा होईपर्यंत उरकतं. युनिटला काही शे रुपये लागतात; फुल इंजिनचा खर्च लाखाच्या घरात जातो.

मास्टर गेजनेही प्रेशर कमीच दाखवलं, तर मात्र इंजिनशी बोलायचं. इथे आयडलिंग आणि रेस हे दोन आकडे शेजारी ठेवले की बरंच उलगडतं. आयडलिंगला फार कमी आणि रेसवर चांगलं चढणारं प्रेशर बहुधा झिजलेल्या फटींचं असतं. आयडलिंगला ठीक पण रेस दिली की खाली येणारं प्रेशर सांगतं की पंपाला तेल पुरेसं मिळत नाही: जाळी तुंबलीय. ती गाळाने तुंबते तशीच गॅस्केटला सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉनच्या तुटलेल्या तुकड्यांनीही तुंबते. कालपर्यंत ठीक, आज तेल बदलल्यावर किंवा काही काम केल्यावर एकदम सगळ्याच वेगांना कमी, तर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो उघडा राहिला असण्याची शक्यता मोठी. घाट चढताना थरथरणारा आणि पठारावर आल्यावर स्थिरावणारा काटा तेलाची पातळी सांगतो. चढाला चेंबरमधलं तेल मागे सरकतं, आधीच कमी असेल तर जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. राजूर घाटात थरथरलेल्या काट्याला बुलढाण्यात पोचल्यावर 'आता बराय' म्हणून सोडून देणारा ड्रायव्हर पुढच्या घाटात बेअरिंग घालवतो.

प्रेशर खूप जास्त दिसलं की सहसा कुणी तक्रार घेऊन येत नाही. उलट अभिमानाने सांगतात. पण दाब अडथळ्यातून तयार होतो हे लक्षात घेतलं तर कळेल की गरम इंजिनालाही काटा वरच अडकून राहणं चांगलं नाही. रिलीफ व्हॉल्व्ह बंद अवस्थेत जाम झालेला असू शकतो, किंवा गॅलरीत मीटरच्या पुढे कुठेतरी रस्ता तुंबलेला असू शकतो. मग मीटरवर प्रेशर भरपूर आणि शेवटच्या बेअरिंगला तेल अपुरं.

दोन उपाय या धंद्यात फार चालतात आणि दोन्ही बंद व्हायला हवेत असं मला मनापासून वाटतं. एक म्हणजे रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकणं. त्याने व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. थंड इंजिनाला काटा छान वर दिसतो. पण गरम आयडलिंगला व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो, त्यामुळे जिथे खरं दुखणं आहे तिथे वॉशरचा काडीचा उपयोग नाही. दुसरा म्हणजे जाडं तेल. त्याने आकडा वाढतो हे खरं, पण झिजलेली फट तेवढीच राहते आणि सकाळी थंड इंजिनात तेल वरपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो. गाडी विकायला काढली की हे दोन्ही उपाय एकदम होतात. डॅशबोर्डवर प्रेशर पडलं की पेटणाऱ्या, तेलाच्या झारीचं चित्र असलेल्या लाल दिव्याची तार काढून टाकली की फसवणूक पुरी होते. तो दिवा तसाही शेवटचा निरोप देणारा. त्याचा स्विच साधारण अर्ध्या किलोच्या आसपास लागतो. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो पेटलाच नाही तर दिवा मेलाय किंवा मारलाय.

काट्याशी अशी लबाडी कारखान्यांनीही केली आहे. काही अमेरिकी पिकअप गाड्यांत ऑइलचा काटा दिसायला पूर्ण मीटर, पण मागे नुसता चालू-बंद स्विच. प्रेशर ठरावीक पातळीच्या वर असेल तोवर काटा मधोमध उभा, खाली गेलं की सरळ शून्य. ग्राहक काट्याच्या चढउताराने घाबरून तक्रारी करतात, म्हणून चढउतारच काढून टाकला. मला हे पटत नाही. चढणारा-उतरणारा काटा ड्रायव्हरला इंजिन शिकवतो. आपल्या जुन्या १६१३ चा काटा निदान खरं सांगायला बसवलेला असतो.

समृद्धी महामार्ग सिंदखेडराजा, मेहकरकडून गेल्यापासून या काट्याची गरज वाढली आहे. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. जुना ट्रक तिथे तासन् तास एकाच वेगाने, भरल्या लोडवर धावतो, आणि कडेला ना मिस्तरी ना इलेक्ट्रिशियन, रस्ताच बंदिस्त. खामगाव-नांदुऱ्याच्या पट्ट्यात काटा पडला तर हाकेवर कुणीतरी असतं. समृद्धीवर ड्रायव्हरला स्वतःच ठरवावं लागतं, आणि ठरवायला त्याच्याकडे पट्टी, कान आणि तो काटा एवढंच असतं.

म्हणून ज्याची एकच गाडी आहे त्याने एक वही ठेवावी. दर ऑइल बदलीनंतर, तेच तेल, तोच घाट चढून, इंजिन पूर्ण गरम असताना आयडलिंगला काटा कुठे थांबतो तो आकडा तारखेसह लिहावा. मीटर दोन-चार दशांश चुकीचा असला तरी चालेल, कारण आपल्याला उतार बघायचा आहे. दीडवरून सव्वा, सव्वावरून एक असं उतरू लागलं की काढलेला फिल्टर फेकू नये. कापून घडी उलगडून बघावा. तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंगचा वरचा करडा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलंय. या टप्प्यावर चेंबर उतरवून बेअरिंग बदलली तर क्रँक बहुधा ग्राइंड करावा लागत नाही. ठोका येईपर्यंत थांबलं तर क्रँक ०.२५ मिलिमीटरने कापावा लागतो, आणि त्याची आयुष्यातली एक पायरी खर्च होते. बेअरिंगांसोबत कॅमचे बुश आणि पंपाच्या झाकणाची झीजही तपासून घ्यावी; ते राहून जातात आणि मग नवी बेअरिंग टाकूनही प्रेशर का येत नाही म्हणून मालक-मिस्तरी भांडत बसतात. हे काम ऑगस्टमध्ये काढावं. पावसाळ्यात भाडी कमी असतात, लेथवाल्याकडे गर्दी नसते, आणि सोयाबीनचे कट्टे बाजार समितीत उतरायला लागायच्या आत गाडी मास्टर गेज लावून, गरम करून, आकडा वहीत लिहून रस्त्यावर येते.